उजाडलं का गं?

आईने विचारलं, "उजाडलं का गं?" आणि मी "हो" म्हणाले. डिसेंबरचा पहिला आठवडा होता, सकाळचे सात वाजले होते, मी उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सोमधल्या भाड्याच्या घराच्या स्वयंपाकघरात उभी होते आणि खिडकीच्या काचेतून बाहेरचं काहीच दिसत नव्हतं. दिसत होते ती मीच: एका हातात फोन, दुसऱ्या हातात चहाचं गाळणं, डोक्याला घरातसुद्धा लोकरी टोपी. काचेचा पार आरसा झाला होता. उजाडायचा प्रश्नच नव्हता. सूर्य डोंगराआड गेला त्याला दोन आठवडे होऊन गेले होते आणि अजून दीड महिना तो येणार नव्हता. हे आईला मी निघायच्या आधीच सांगितलं होतं. तिने "असं का, बरं" म्हणून ते ऐकून सोडून दिलं होतं. मग "नाही गं, इथं उजाडतच नाही सध्या" एवढं म्हणायला माझं काय जात होतं? फोन ठेवल्यावर चहा केला, प्यायला, कामाला गेले, आणि ते "हो" दातात अडकलेल्या बडीशेपेसारखं दिवसभर सलत राहिलं.

खरं तर आमच्या घरात हा प्रश्न उजेडाबद्दल नसतोच. सुट्टीच्या दिवशी साडेआठला डोळे चोळत बाहेर आलं की बाबा पेपरातून मान वर न करता विचारायचे, "उजाडलं का?" त्याला उत्तर द्यायचं नसतं, निमूटपणे मोरीकडे वळायचं असतं. आईही त्याच चालीवर विचारायची. तिकडे सोलापुरात साडेअकरा झालेले असायचे, तिची पूजा, भाकऱ्या, आमटी सगळं आवरलेलं असायचं आणि कट्टा पुसता पुसता ती फोन लावायची. म्हणजे माझ्या "हो"मध्ये व्यवहार म्हणून काही चुकलं नव्हतं. पण ते म्हणताना माझी नजर त्या काळ्या काचेवर होती आणि आवाज नको इतका प्रसन्न निघाला होता. आजारी माणूस भेटायला आलेल्यांना "आज बरंच बरं वाटतंय" म्हणतो ना, तसला.

उन्हाशी माझं कधी सख्य नव्हतं, हे आधी कबूल करायला हवं. सोलापुरात वाढलेल्या कुणाचं असतं? एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ला टेकतो, दुपारी रस्ते ओस पडतात. सकाळी नऊलाच खिडक्या लावून घ्यायच्या, पडदे ओढायचे, फरशीवर पाणी मारायचं आणि पंख्याखाली पालथं पडायचं. ऊन ही आमच्यासाठी चुकवायची गोष्ट होती. आईचं मात्र त्याच्याशी निराळं नातं. तिच्या लेखी ऊन म्हणजे बिनपगारी गडी. कुरडया, पापड, सांडगे, वर्षाच्या मिरच्या, गहू, गाद्या, उशा, लोणच्याच्या धुतलेल्या बरण्या, पावसाळ्यात कुबटलेले कपडे, सर्दीने नाक गळणारं पोर, सगळं ती उन्हात घालायची. ऊन वाया गेलेलं तिला बघवत नसे. "एवढं कडक पडलंय आणि गच्ची बघा, रिकामी!" हे ती शेजारच्या घराकडे बघत अशा सुरात म्हणायची, की त्या घरात काहीतरी गंभीर बिघडलंय असं आम्हाला वाटावं.

अशा घरातली मी, साडेसतरा अक्षांशावरून उठून जवळजवळ सत्तरावर येऊन बसले. इथल्या विद्यापीठात दोन वर्षांचं काम मिळालं, एवढंच कारण. आले तो ऑगस्ट होता. रात्री अकरालाही दिवा न लावता वाचता यायचं आणि झोपायला काळे पडदे ओढावे लागायचे. त्या वेळी जो तो मला हिवाळ्याबद्दल काही ना काही सांगायचा आणि मी मनात म्हणायचे, अंधारच ना? अंधारात डोकं तरी दुखत नाही. २०२२ची दिवाळी २४ ऑक्टोबरला होती. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सूर्य सव्वाचारच्या सुमाराला मावळला. पण त्याहून विचित्र होती ती भर दुपारची सावली. बाराच्या सुमाराला कँटीनमधून बाहेर पडले तर माझ्या पायापासून निघालेली सावली पार्किंग ओलांडून पलीकडच्या भिंतीवर चढली होती. सोलापुरात अशी सावली गाई परतायच्या वेळेला पडते. इथं उन्हं सकाळपासूनच कलती, आणि दिवस रोज नऊ-दहा मिनिटांनी आखडत चाललेला. अंगाला आटत जाणाऱ्या स्वेटरसारखा. त्याच आठवड्याच्या शेवटी घड्याळं एक तास मागे गेली आणि आईचा आठचा फोन सातला यायला लागला.

सगळ्यात वाईट नोव्हेंबर. लोक डिसेंबरची भीती घालतात, पण डिसेंबरात निदान बर्फ असतो. त्या वर्षी नोव्हेंबरात बर्फ पडायचा आणि पावसाने वाहून जायचा. ओला डांबरी रस्ता, ओली झाडं, ओल्या लाकडी भिंती. जो काही उजेड उरला होता तो हे सगळं पिऊन टाकायचं. रस्त्यावरचा दिवा स्वतःच्या पायाखालचं जेमतेम उजळायचा. अंधाराला वास असतो हे मला तेव्हा कळलं: सडका पाला, ओली लोकर, बसमधल्या हीटरवर भाजलेली धूळ. मग एका रात्री खरा बर्फ पडला, टिकला, आणि सकाळी गाव चक्क उजळलेलं. एक दिवा लावला की बर्फ त्याचे दहा करतो. इथली माणसं बर्फाची वाट बघतात ती स्कीसाठी असं मला वाटायचं. निम्मी वाट या उजेडासाठी असणार.

कागदोपत्री सूर्य जातो २७ नोव्हेंबरला आणि येतो १५ जानेवारीला. पण गाव डोंगरांनी वेढलेलं, त्यामुळे तो आधी आठवडाभर दिसेनासा होतो आणि नंतर आठवडाभर उशिरा, २१ जानेवारीला उगवतो. या काळाला इथं 'मोर्कतीद' म्हणतात, अंधाराचा काळ. आमच्याकडे 'पाण्याचे दिवस', 'लगीनसराई' म्हणतात त्याच सहजतेने. बाहेरच्यांना वाटतं दोन महिने काळीकुट्ट रात्र. तसं नसतं. सूर्य क्षितिजाच्या थोडाच खाली असतो, त्यामुळे दहाच्या सुमाराला आकाश निळं व्हायला लागतं, आणि निळं म्हणजे काय निळं! नीळ घातलेल्या बादलीत गाव बुडवून काढावं तसं. बर्फ निळा, सामुद्रधुनीचं पाणी निळं, समोरच्या किनाऱ्यावरचं ते त्रिकोणी पांढरं चर्च निळं, माणसांचे चेहरे निळे. बाराला दक्षिणेकडे डोंगरांच्या कडेला थोडी अबोली चढते. दोन वाजता सगळं संपतं. (ध्रुवप्रकाशाबद्दल मी लिहिणार नाही. तो सुंदर असतो, त्याचे फोटो तुम्ही पाहिलेले आहेत, आणि त्या उजेडात तांदूळ निवडता येत नाहीत.)

आता प्रश्न असा, की त्या निळ्या वेळेला मी म्हणू काय?

मराठीत या बाबतीत मी श्रीमंत होते. पहाट, झुंजूमुंजू, तांबडं फुटणं, उजाडणं, उन्हं वर येणं, उन्हं कलणं, दिवेलागण, तिन्हीसांजा, कातरवेळ. सगळे शब्द घेऊन आले होते आणि एकही बसत नव्हता. पहाट म्हणावी तर तिच्यामागून सकाळ येत नाही. तिन्हीसांजा म्हणावं तर त्यांच्याआधी दिवस झालेला नाही. आणि एकदा का तिन्हीसांजा म्हटलं की आजीचे सगळे नियम मागोमाग येतात. तिन्हीसांजेला झोपायचं नाही. उंबऱ्यावर बसायचं नाही, केर काढायचा नाही, नखं कापायची नाहीत, घरात अंधार ठेवायचा नाही. दिवा लावायचा, शुभंकरोति म्हणायचं आणि मगच पुढचं काम. लहानपणी हे सगळं एका अर्ध्या तासापुरतं असायचं, तेवढ्यापुरतं सांभाळता यायचं. इथं रोज चार तास तिन्हीसांजा. झोपायचं नाही म्हटलं तर माझे डोळे नेमके तेव्हाच मिटायला लागायचे.

आणि एका रविवारी मिटलेच. डिसेंबरचा मध्य असेल. दुपारी एकला वरणभात खाल्ला, काचेबाहेर निळं मालवत चाललं होतं, म्हटलं पाच मिनिटं पाठ टेकावी. जाग आली तेव्हा मिट्ट काळोख. फोन बंद पडलेला. भिंतीवरच्या घड्याळात सहाला दहा कमी. अंगात जडपणा होता पण झोप पुरेपूर झाली होती, म्हणजे सकाळच. सोमवार. मी फोन चार्जिंगला लावला, आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला, चहा घेतला, कांदेपोहे केले. डबा भरला. कपड्यांचे तीन थर चढवले, बुटांखाली लोखंडी काटे अडकवले (पहिल्या महिन्यात दोनदा सपशेल आपटल्यावर घेतलेले), फोन तसाच खिशात टाकला आणि हातमोजे घातले. हातमोजे घातल्यावर फोन कोण बघतो. बसथांब्यावर मी एकटीच. जरा चमत्कारिक वाटलं, पण हे गाव तसंही चमत्कारिकच. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या आमच्या घरमालकीणबाई आल्या. वय सत्तरीचं, कपाळावर दिवा, खांद्यावर स्की, गाल लाल. गाव ज्या बेटावर आहे त्याच्या मधोमध दिव्यांच्या खांबांनी उजळलेली स्कीची वाट आहे, तिथून परत येत होत्या. हसून म्हणाल्या, "गु क्वेल." शुभ संध्याकाळ.

मी पण "गु क्वेल" म्हणाले. काय करणार. त्या गेल्यावर दोन मिनिटं तिथंच उभी राहिले, बसची वाट बघितल्यासारखी, म्हणजे त्यांनी वळून पाहिलंच तर बरं दिसावं म्हणून. मग घरी येऊन बूट न काढता जिन्यातच बसले. डब्यातले पोहे अजून गरम होते. मी काही वेळाच्या बाबतीत गबाळी मुलगी नाही. बारावीच्या वर्षी गजराशिवाय चारला उठत होते. आणि आता मला दिवसाची बाजू कळली नव्हती, उलटा सदरा घालावा तसा संध्याकाळभर सकाळ घालून बसले होते. हसू येत होतं, पण हसायला सोबत कुणी नव्हतं, त्यामुळे त्या हसण्याचं थोड्या वेळाने भलतंच काहीतरी झालं.

तशातच आईला फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेअकरा वाजले असतील हे लक्षातच आलं नाही. अवेळी फोन वाजला की आमच्या घरात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. तिसऱ्या रिंगला तिचा घाबरलेला आवाज, "काय झालं? काय झालं गं?" आणि मागून बाबांचं खोकणं, दिव्याच्या बटणाचा खटका. मी म्हणाले, "काही नाही गं. इथं उजाडत नाही."

ती गप्प. मग म्हणाली, "मग रोज हो-हो काय म्हणत होतीस?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिनेही ताणलं नाही. "जेवलीस का?" विचारलं. पोहे खातेय म्हटलं. "रात्रीचे पोहे?" एवढंच म्हणाली आणि शेंगाची चटणी संपली का, ते विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नेहमीप्रमाणे फोन आला. मी उचलला तर प्रश्न नाही. सरळ बातमीच: "उजाडलं गं इथं. चांगलं कडक पडलंय. ऊठ." आणि त्या दिवसापासून रोज तेच. कधी "आज जरा ढग आहेत, पण येतंय ऊन", कधी "मेथी वाळत घातलीय गच्चीत". फोनमधून मागचे आवाज यायचे, भंगारवाल्याची आरोळी, शेजारच्यांचा कुकर, खालून जाणारी बुलेट. मी काळ्या काचेसमोर उभी राहून ते ऐकायचे आणि तो सोलापूरचा दिवस इथं साडेचार तास उशिरा सुरू करायचे. यात तर्क शोधू नका. माझी सकाळ तेव्हापासून रुळावर आली हे खरं.

बाकी उपाय सगळे करतात तेच. सहकाऱ्याने प्रखर उजेडाचा दिवा दिला, सकाळी अर्धा तास त्याच्यासमोर बसायचं. दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसून भाकरी खाल्ल्यासारखं वाटायचं, पण बसायचे. घरमालकीणबाईंनी एकदा मला काळ्या कोटात रस्ता ओलांडताना पाहिलं. घरी बोलावून त्यांनी खुंटीवरचा एक चमकणारा बिल्ला काढला आणि काही न बोलता माझ्या कोटाच्या कडेला अडकवला. इथं बालवाडीतल्या पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या अंगावर असे बिल्ले लोंबतात. गाडीचा झोत पडला की रस्त्यावर माणसांऐवजी लुकलुकणारे ठिपके चालताना दिसतात. त्यांनीच काॅडच्या तेलाची बाटलीही दिली. ज्या महिन्याच्या नावात 'र' आहे त्या प्रत्येक महिन्यात रोज एक चमचा, अशी इथली जुनी रीत, आणि नॉर्वेजियनमध्ये सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत सगळ्यांत 'र' आहे. आमचं घर कांदा-लसणाशी भांडत नाही, पण मासा म्हटला की हात जोडतं. लहानपणी एरंडेल घेताना नाक दाबायचे, तसंच नाक दाबून घेतलं. आईला हे अजून माहीत नाही. ती हे वाचत नाही म्हणून लिहिते.

पण मला सगळ्यात आधार कशाने दिला असेल तर इथल्या खिडक्यांनी. इथं लोक पडदे ओढत नाहीत. अॅडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी, तो त्या वर्षी नेमका २७ नोव्हेंबरला आला, घराघराच्या खिडकीत सात दिव्यांचे त्रिकोणी मनोरे आणि कागदी चांदण्या लागल्या. आतून दिवा, कागदाला भोकं. मी रस्त्यात थांबून बघतच राहिले, कारण हे तर आकाशकंदील होते! दिवाळीनंतर घडी घालून कपाटात टाकलेला माझा कंदील मी त्याच संध्याकाळी परत काढला आणि खिडकीत टांगला. आमच्याकडे तो तुळशीच्या लग्नानंतर उतरवतात, म्हणून आधी जरा चोरट्यासारखं वाटलं. घरमालकीणबाईंनी झिरमिळ्या निरखून पाहिल्या आणि मान डोलावली. तेव्हा समजलं की हे दिवे आत राहणाऱ्यांसाठी लावलेलेच नाहीत. रस्त्याने जाणाऱ्यासाठी आहेत.

लोडशेडिंग आठवतंय का? आमच्या शाळेच्या वर्षांत रोजचं होतं. संध्याकाळी लाईट गेली की आधी एक "अरेऽऽ" व्हायचा, मग गल्ली हळूहळू ओट्यांवर येऊन बसायची. तेलुगूतून, कन्नडमधून, मराठीतून गप्पा, पुठ्ठ्याने वारा घालणाऱ्या आज्या, एखाद्याच्या घरातला कंदील, वर चांदण्या. त्या अंधाराची मला कधी भीती वाटली नाही, उलट लाईट लवकर आली तर वाईट वाटायचं. आली की मात्र सगळी गल्ली एका आवाजात ओरडायची, "आलीऽऽऽ!" आणि क्षणात ज्याचा तो आपापल्या घरात. इथला अंधार मला जड का गेला याचा विचार करताना ते ओटे आठवत राहिले. इथं ओटा नाही. उणे दहात कोण बसणार? मग खिडकी हाच ओटा, असं काहीसं ते असावं.

जानेवारी लागला आणि दुपारचं आकाश बदललं. दक्षिणेकडची अबोली रोज थोडी लाल, थोडी रुंद होत गेली. भर बाराला, दक्षिणेला तांबडं फुटायचं. वाटायचं आता येणार, आता येणार, आणि तासाभराने ते तसंच विझायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. रोज पहाट व्हायची आणि सूर्य नाही. माझे आजोबा मास्तर होते, टिळकभक्त. टिळकांचं 'दि आर्क्टिक होम इन द वेदाज' १९०३ साली निघालं. आपले पूर्वज मूळचे उत्तर ध्रुवाकडचे, ऋग्वेदातल्या उषेच्या ऋचा तिथल्या लांबलचक पहाटेच्या आठवणी आहेत, असा त्याचा सिद्धांत. आजचे अभ्यासक तो मानत नाहीत आणि मीही मानत नाही. आजोबा मात्र मानत, आणि आज असते तर माझ्या नोकरीची बातमी ऐकून "म्हणजे माहेरीच चाललीस की" म्हणाले असते. त्यांच्या तोंडी एक ऋचा असायची, सातव्या मंडलातली: "तानीदहानि बहुलान्यासन्…" टिळकांनी तिचा अर्थ लावला तो असा, की पहाट फुटल्यापासून सूर्य उगवेपर्यंत पुष्कळ दिवस गेले. लहानपणी मला ते चुकीचं गणित वाटायचं. पहाट आणि सूर्योदय यांच्यात दिवस कसे मावतील? ट्रोम्सोच्या बसथांब्यावर, बारा वाजता, त्या अबोलीकडे बघत मी ते बोटांवर मोजले. माझे सोळा झाले होते. टिळक कधी इकडे फिरकलेही नव्हते. तिकडे बसून, पुस्तकांवरून, त्यांनी ही रेंगाळणारी पहाट मनाशी उभी केली. सिद्धांत चुकला असेल, पण हे त्यांना दिसलं होतं.

संक्रांतीच्या सुमाराला सोलापुरात गड्डा, सिद्धेश्वराची जत्रा. दादाने संमती कट्ट्यावरून अक्षता सोहळ्याचा व्हिडिओ कॉल लावला. नंदीध्वजाच्या काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, "हर्र बोला"चा गजर, अक्षतांचा पाऊस. दरवर्षी मी त्या काठ्यांकडे बघते. त्या दिवशी मी बघत होते लोकांच्या कपाळावरच्या आठ्या. सगळे डोळे बारीक करून, हाताची झापड धरून उभे होते. उन्हाने. पडदा नुसता पांढराफटक, आणि दादा ओरडत होता, "काही दिसतंय का गं? ऊन फार आहे!" मी म्हटलं, "असू दे, फिरवू नको. तसंच धर."

२१ जानेवारीला इथं सूर्याचा दिवस. बेकऱ्यांसमोर रांगा, 'सूलबोले' घ्यायला. तळलेला गोल पाव, आत लाल जॅम, वर साखर. मी दोन घेतले आणि तिळगुळाच्या वड्यांचा डबा घेऊन घरमालकीणबाईंकडे गेले. तिळगूळ घ्या आणि गोड बोला हे नॉर्वेजियनमध्ये सांगायचा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, आम्ही तर मुळात बोलतच कमी. सूर्य मात्र आला नाही. ढग होते, बारीक बर्फ पडत होता. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. ढगांच्या मागे आहे ना, झालं तर, म्हणून त्यांनी दुसरा सूलबोले खाल्ला. मला फसवल्यासारखं झालं. साठ दिवस मोजले होते मी.

पुढचा सगळा आठवडा ढगाळ गेला. मग २८ तारखेचा शनिवार. त्या दिवशी रथसप्तमी होती. हे इतकं जुळून आलंय की लिहायलाही संकोच वाटतो, पण २०२३चं कॅलेंडर काढून बघा. बाराच्या सुमाराला मी ओट्याशी कणीक मळत होते. आकाश स्वच्छ होतं, पण आता मी वाट बघणं सोडलं होतं. अचानक समोरच्या भिंतीवर, हळदीच्या डब्याच्या थोडं वर, केशरी रंगाची एक चौकट उमटली. आधी वाटलं कुठल्या गाडीचा दिवा. ती हलली नाही. मी कणकेच्या हातांनी वळले तर खिडकीत, दोन डोंगरांच्या खाचेत, तो. बघवत नव्हतं त्याच्याकडे. तोंडातून निघून गेलं, "आलीऽऽऽ!" सूर्याला 'आली' म्हणणारी या गावातली मी पहिलीच असणार.

त्या उजेडात मी घर पाहिलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा. ओट्यामागच्या फरशीवर तेलाचे ओघळ, फ्रिजच्या माथ्यावर बोटभर धूळ, खिडकीच्या काचेवर माझ्याच हाताचे ठसे, आणि मी ज्या चादरीत गुरफटून हे सगळे दिवस काढले ती आईने दिलेली सोलापुरी चादर, जी मला इतके दिवस मरून रंगाची वाटत होती आणि प्रत्यक्षात मळलेली होती. फोनचा पडदा कणकेने बरबटवत आईला लावला. तिकडे दुपारचे साडेचार. "दूध उतू घातलंस का?" विचारलं. सकाळीच घातलं म्हणाली, गच्चीत गोवऱ्या पेटवून, यंदा पूर्वेकडे गेलं, चांगलं असतं. मी म्हटलं, "आई, इथं ऊन पडलंय."

"खरंच का?"

"खरंच. भिंतीवर आलंय. स्वयंपाकघरात."

"मग बोलत काय बसलीस," ती म्हणाली, "अंथरूण-पांघरूण घाल की उन्हात!"

बाहेर उणे नऊ होतं आणि ते ऊन दहा-पंधरा मिनिटांचं होतं. हे तिला सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. हात धुतले, चादर खांद्यावर टाकली आणि बाल्कनीचं दार ढकललं. थंडीने डोळ्यात पाणी आलं. चादर कठड्यावर पसरली, दोन्ही टोकं ओढून सारखी केली, चिमटे लावले. खालच्या बाल्कनीत घरमालकीणबाईंची पांढरी रजई आधीच लोंबत होती.